कस

बाबा जळगावच्या सराफ बाजारात कस लावायचे.
काळा दगड, त्यावर दागिन्याची रेघ,
रेघेवर तेजाबाचा एक थेंब.
पितळेची रेघ फसफसून जाते.
सोन्याची राहते.
मी फैजपुरात लघवी तपासते.
लोक नाक मुरडतात, तेव्हा सांगते,
एकाच धंद्यात आहोत आम्ही बापलेकी.

पट्टी बुडवायची, पाच मिनिटं थांबायचं.
रेघ उमटली तर पोरगं स्वच्छ.
नाही उमटली तर
कुठल्याशा बापाला खुर्ची द्यायची.

यकृताला यातलं काही माहीत नसतं.
लग्नातलं जेवण असो, तापाची गोळी,
की कुणी पिंपात शिजवलेली पांढरी भुकटी,
ते गाव विचारत नाही.
एखादा कोपरा तासतं, प्राणवायूचा अणू चिकटवतं,
मग साखरेतलंच एक आम्ल सोबत बांधून देतं,
शिदोरी दिल्यासारखं,
की पाण्यात विरघळ आणि जा बाबा.
आम्ही त्या शिदोऱ्या मोजतो.
जे घेतलं ते बहुधा सापडत नाही.
सापडतं, अंगाने त्याचं काय केलं ते.
पंगत उठल्यावर मळ्यात मागे जाऊन
राखेवरून ओळखावं,
भरताची वांगी पऱ्हाटीवर भाजली
की तुरीच्या काड्यांवर, तसं.

धनराज बऱ्हाटे मे महिन्यात आले.
केळी पिकवायच्या कोठीतून थेट,
अंगाला तो थंड, गोड वास.
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत नमुना,
भोवती थर्मासातला बर्फ. बाहेर सेहेचाळीस.
"कोनाले सांगू नका ताई. पुष्कराजचं आहे.
पुन्याहून आल्यापासून झोपत नही."

रेघ उमटली. ठळक.
बऱ्हाट्यांनी चष्मा काढून पुसला, परत पुसला,
आणि संध्याकाळी केळीचे वेफर्स आणून दिले, दोन किलो.
तेव्हा मी म्हणाले नाही
की पट्टी फक्त ओळखीच्यांनाच ओळखते.
तिकडे रेणूची शेपटी जरा बदलतात,
नवं नाव, नवं पाकीट,
आणि आमचा राखणदार उठून सलाम ठोकतो.

बाबांकडे एकदा एक पाटली आली होती.
दगडावर रेघ पिवळीधमक, तेजाबाला दाद देईना.
बाबांनी ती तळहातावर तोलली, बराच वेळ.
मग कानशीने कडेला घासली.
आत तांबं.
बाई काही बोलली नाही. बाबांनीही दर सांगितला नाही.
पाटली फडक्यात गुंडाळून परत दिली,
वर माठातलं पाणी.

कानस माझ्याकडेही आहे: केस.
महिन्याला सेंटीमीटरभर वाढतात,
आणि रक्तात जे वाहत होतं
ते मुळाशी शिरून वर चढतं.
टोकाला जुनं, कातडीपाशी अलीकडचं.
बारा सेंटीमीटर म्हणजे वर्षाची वही.
मोठ्या प्रयोगशाळेला पाठवावी लागते,
पेन्सिलीइतकी जाड बट.
वेफर्स संपायच्या आत
मी बऱ्हाट्यांना फोन केला.

तिसऱ्या दिवशी, दुपारी,
पुष्कराज स्वतः आला. मुंडण करून.
डोक्याची कातडी दुधाळ,
कानामागे वस्तऱ्याची ताजी चीर.
बाकावर सावद्याची एक म्हातारी होती,
साखर तपासायला आलेली. तिने पदर सावरला.
"कोन गेलं रे भाऊ, घरचं?"

तो माझ्याकडे बघत होता.
मी त्याच्या भुवयांकडे. तेही केसच.
त्याला ते कळलं असावं;
हात कपाळापर्यंत गेला, तिथेच थांबला.

"कोनी नही, आजी," तो म्हणाला,
आणि तिच्या शेजारी
नंबर लावून बसला.